शिपाई म्हणूनच निवृत्त होणारा जवान

सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे पाठवणारी कितीतरी गावे आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या तर नावालाच 'मिलिटरी' जोडले गेले आहे. अशा गावांत पेन्शन घेऊन परतलेल्या माणसाला सरसकट 'मेजर' म्हणण्याची पद्धत आहे. तोंडावर सगळे 'मेजर' म्हणतात आणि पाठीमागे विचारपूस होते ती मात्र नेमक्या पदाची. कोण सुभेदार होऊन आला, कोण हवालदार, आणि कोण इतकी वर्षे डोंगरांत, वाळवंटांत काढून 'शेवटपर्यंत शिपाईच राहिला'. या शेवटच्या शेऱ्यात एक निष्कर्ष गृहीत धरलेला असतो. माणूस कामाला कमी पडला असेल, परीक्षा नापास झाला असेल किंवा साहेबाशी भांडला असेल, असे ऐकणारा मनाशी ठरवून टाकतो. काही वेळा तसे असतेही. पण बहुतेक वेळा ज्या कारणाने जवान एकाच पदावर राहतो त्याचा त्याच्या लायकीशी संबंध थोडा असतो, आणि त्या पदावर राहिल्याची जी किंमत तो मोजतो ती फक्त मानाची नसते. ही किंमत अन्याय्य आहे आणि ती कमी करणे सरकारच्या हातात आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी साधे गणित पाहू. पायदळाच्या पलटणीत साधारण ८०० जवान असतात. चार रायफल कंपन्या, प्रत्येक कंपनीत तीन प्लाटून आणि प्रत्येक प्लाटूनमध्ये तीन सेक्शन, म्हणजे एकूण ३६ सेक्शन. दहा जणांच्या सेक्शनचा कमांडर हवालदार, त्याच्या हाताखाली एक नायक, एखादा लान्स नायक, आणि बाकीचे सगळे शिपाई. लान्स नायकाच्या बाहीवर एक फीत येते, पण त्याची पगाराची पातळी शिपायाचीच राहते. सेक्शनच्या वर प्लाटूनला एक नायब सुभेदार किंवा सुभेदार. रायफल कंपन्यांच्या प्लाटून अवघ्या १२. आणि सगळ्या पलटणीत मिळून सुभेदार मेजर एकच. त्याचा कार्यकाळ जास्तीत जास्त चार वर्षांचा असतो. आता ८०० माणसांची सरासरी सेवा २० वर्षांची धरली, तर दर वर्षी ४० जण बाहेर पडतात आणि ४० नवे येतात. चार वर्षांत भरती झालेल्या १६० पोरांतून सुभेदार मेजर होणार एक. हे १६० जण सगळेच्या सगळे अचूक नेमबाज, निरोगी आणि शिस्तीचे निघाले, तरी त्या एकाचे दोन होत नाहीत. खालच्या पायऱ्यांवर प्रमाण इतके कडक नसते, पण तत्त्व तेच. बढती रिकाम्या जागेवर मिळते, आणि जागा रिकामी होते ती वरचा माणूस गेल्यावर.

त्यामुळे कोण कोणत्या साली भरती झाला, याला विलक्षण महत्त्व येते. १९६२च्या युद्धानंतर सैन्याचे संख्याबळ सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवले गेले, नव्या पलटणी उभ्या राहिल्या, आणि त्या काळात हाताशी असलेल्या जवानांना फिती लवकर लागल्या. नवी पलटण उभी करायची तर हवालदार आणि सुभेदार लागतातच. ते कुठून तरी घ्यावे लागतात. पण एका लाटेत वर गेलेली ही माणसे पुढची कित्येक वर्षे त्या जागा अडवून बसतात, आणि त्यांच्या मागून आलेल्यांना आपल्या आणि वरच्या जागेच्या मध्ये एक सबंध पिढी उभी दिसते. १९९८मध्ये जवानांची सेवा दोन वर्षांनी वाढवली गेली तेव्हाही असेच झाले. ज्यांची मुदत भरत आली होती त्यांना दोन वर्षांचा पगार जास्त मिळाला, याचा आनंद योग्यच होता. परंतु ज्या जागा रिकाम्या होणार होत्या त्या दोन वर्षे पुढे गेल्या आणि खाली वाट पाहणारे तेवढा काळ आहे तिथेच थांबले. पुढे २०१७ साली जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि जवानांच्या पदरचनेचा आढावा मंजूर झाला आणि नायकापासून सुभेदार मेजरपर्यंत मिळून सुमारे १ लाख ४५ हजार वरच्या जागा टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे ठरले. त्याआधीचा असा आढावा १९८४ सालचा. म्हणजे दोन आढाव्यांच्या मध्ये एक माणूस भरती होऊन, पूर्ण नोकरी करून, निवृत्त होऊन, त्याचा मुलगाही भरतीच्या वयाचा झाला. त्या मधल्या काळात शिपाई म्हणून घरी गेलेल्या माणसाचे काय चुकले, असे विचारले तर उत्तर द्यायला कोणी पुढे येणार नाही.

साल हा एक योगायोग झाला. दुसरा योगायोग 'ट्रेड'चा, म्हणजे भरतीच्या वेळी ठरणाऱ्या कामाच्या प्रकाराचा. पायदळात खालच्या बढत्या मुख्यतः पलटणीतल्या जागांवर अवलंबून असतात. पण सिग्नल्स, ईएमई (वाहने आणि यंत्रे दुरुस्त करणारे दल), आर्मी सर्व्हिस कोअर, ऑर्डनन्स अशा दलांत सेवाज्येष्ठतेची यादी ट्रेडप्रमाणे वेगवेगळी असते आणि ती त्या त्या दलाच्या अभिलेख कार्यालयात ठेवली जाते. आर्टिलरीचे असे कार्यालय नाशिकरोडला आहे, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, चिलखती दलाचे अहिल्यानगरला. मराठी जवानांच्या कुटुंबांना हे पत्ते पाठ असतात. एकाच गावातली दोन मुले एकाच दिवशी भरती होतात. एकाच्या वाट्याला तांत्रिक ट्रेड येतो, दुसरा स्वयंपाकी, धोबी किंवा न्हावी म्हणून घेतला जातो. ट्रेड ठरताना शिक्षण, चाचणीतले गुण, आणि त्या भरतीच्या वेळी कोणत्या ट्रेडच्या किती जागा निघाल्या आहेत, हे सगळे पाहिले जाते. अठरा वर्षांच्या पोराला त्या वेळी सैन्यात जायचे असते, एवढेच कळते. पुढे पंधरा वर्षांनी एकाच्या बाहीवर तीन फिती दिसतात आणि दुसऱ्याची बाही कोरीच राहते. दुसऱ्याच्या ट्रेडमध्ये हवालदारीच्या जागाच मोजक्या असतात, आणि सियाचिनच्या पायथ्याशी चारशे माणसांचे जेवण वेळेवर तयार करणाऱ्याला सेक्शन सांभाळण्याची संधी मिळत नाही, म्हणून ती क्षमता सिद्ध करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

वैयक्तिक कारणे नसतातच असे नाही. बढतीसाठी सैन्याच्या शैक्षणिक परीक्षा आणि नकाशावाचनाची परीक्षा द्यावी लागते, प्रमोशन काडर म्हणजे बढतीआधीचा अभ्यासक्रम पार करावा लागतो, वैद्यकीय श्रेणी टिकवावी लागते. मन, श्रवण, हातपाय, एकूण शारीरिक क्षमता आणि दृष्टी या पाच गोष्टींवर जवानाची श्रेणी ठरते, आणि ती घसरली की 'लो मेडिकल'चा शिक्का बसतो. लढाईत जखमी झालेल्यांचा विचार वेगळ्या निकषांनी होतो, हे योग्यच आहे. पण उंचावरच्या अनेक पोस्टिंगांनंतर वाढलेला रक्तदाब किंवा वजन उचलून झिजलेले गुडघे यांची गोष्ट इतकी सरळ नसते. नायब सुभेदारीसाठी शेवटचे पाच वार्षिक गोपनीय अहवाल पाहिले जातात आणि त्यांतले काही तरी प्रत्यक्ष पलटणीतल्या किंवा प्रशिक्षकाच्या कामावरचे असावे लागतात. ज्याला नेमक्या त्या वर्षांत एखाद्या मुख्यालयात, भरती कार्यालयात किंवा एनसीसीच्या तुकडीवर पाठवले गेले, त्याने तिथे काम कितीही चोख केले तरी या निकषावर तो मागे पडू शकतो. आणि पोस्टिंग त्याने मागून घेतलेली नसते.

सर्वांत जास्त गैरसमज असतो तो शिस्तीच्या शेऱ्यांबद्दल. 'रेड एन्ट्री', म्हणजे लाल शाईत नोंदलेली शिक्षा, म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दारू पिऊन गोंधळ घालणारा शिपाई उभा राहतो. रेड एन्ट्री बसण्याचे एक नेहमीचे कारण मात्र रजा संपल्यावर उशिरा हजर होणे हे असते. जवानाच्या रजेत काय काय कोंबलेले असते, हे फौजी घरात वाढलेल्या कोणालाही ठाऊक आहे. वाटणीचा दावा, बहिणीचे लग्न, वडिलांचे ऑपरेशन, बांधावरून झालेली मारामारी आणि पेरणी, ही सगळी कामे त्याच्यासाठी थांबलेली असतात आणि रजा संपण्याच्या दिवशी त्यांतले एक तरी अर्धवट राहिलेले असते. आठ दिवस उशीर झाला तर कमांडिंग ऑफिसरला शिक्षा द्यावीच लागते, नाही तर उद्या अर्धी पलटण उशिरा येईल. मला त्या अधिकाऱ्याबद्दल तक्रार नाही. पण हा शेरा नेमका बढतीच्या यादीच्या तोंडावर बसला की त्याची फळे पुढे किती तरी वर्षे भोगावी लागतात, हेही खरे आहे.

शौर्याचा आणि पदाचा संबंधही लोक समजतात तितका सरळ नाही. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव हे मराठा पलटणीत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीकाठी त्यांनी जखमी साथीदारांना वाचवले, स्वतः जखमी असताना शत्रूची मशीनगनची ठाणी एकट्याने नष्ट केली, आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते पुढे हवालदार झाले. म्हणजे त्या काळातले सर्वोच्च शौर्यपदक छातीवर असतानाही बढतीचा जिना पायरी-पायरीनेच चढावा लागला. दुसरीकडे, कारगिलच्या युद्धात ग्रेनेडिअर, म्हणजे शिपायाच्या पदावर, असताना परमवीर चक्र मिळवलेले योगेंद्रसिंह यादव पुढे सुभेदार मेजर झाले आणि मानद कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. दोन्ही उदाहरणांतून निघते ते इतकेच की शौर्य हे शौर्यपदकाने गौरवले जाते आणि पद हे माणसे सांभाळण्याच्या कामासाठी दिले जाते. हा भेद मला मान्य आहे. उत्तम सैनिक उत्तम सुभेदार असेलच असे नाही. आणि ज्याला दहा माणसांवर हुकूम चालवण्याची इच्छाच नाही, पण रेडिओ सेट डोळे मिटून दुरुस्त करता येतो, तोही सैन्याला हवाच असतो.

मग सरळ सेवाज्येष्ठतेने बढत्या द्याव्यात का? निवृत्त जवानांच्या मेळाव्यांत ही मागणी नेहमी होते, आणि तिला टाळ्याही पडतात. इतिहास या मागणीच्या विरुद्ध आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेत बढती जवळजवळ पूर्णपणे सेवाज्येष्ठतेने होत असे. परिणामी सुभेदारपदापर्यंत पोहोचलेला माणूस साठीच्या घरात असे. तो धड मोहिमेवर जाऊ शकत नसे, आणि तरुण शिपायांना त्याच्या जागी पोहोचण्याची आशा इतकी दूरची वाटे की त्यांचे मन कामातून उडे. मुंबई फौजेत निवडीला अधिक वाव होता. सिंध इरेग्युलर हॉर्सचे जॉन जेकब यांनी बंगालच्या या पद्धतीवर १८५७च्या आधीच कडक टीका केली होती, आणि १८५७च्या उठावानंतर त्या फौजेचे दोष मोजताना हा मुद्दा पुन्हा पुढे आला. तेव्हा हुकूम चालवण्याची जागा निवडीनेच भरली गेली पाहिजे आणि निवड म्हटली की काही जण मागे राहणारच. इथपर्यंत सैन्याच्या पद्धतीशी माझे भांडण नाही.

भांडण पुढे सुरू होते. आपल्या सैन्यात पद हे केवळ हुकूम चालवण्याचा अधिकार ठरवत नाही. जवान किती वर्षे नोकरी करणार, हेही पदच ठरवते. शिपायाची मुदत १७ वर्षांची, चाळणीतून पार झाला तर १९. नायकाची २२ आणि वाढीव धरून २४. हवालदाराची २४, वाढीव धरून २६. नायब सुभेदार २८पर्यंत, सुभेदार ३०पर्यंत आणि सुभेदार मेजर ३४पर्यंत राहू शकतो. वयाच्या मर्यादा वेगळ्या आहेतच. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला आणि बढती न मिळालेला जवान ३६ ते ३८ वर्षांचा असताना घरी येतो, तर त्याच्याबरोबर भरती होऊन हवालदार झालेला ४५च्या आसपास. मधली सात वर्षे म्हणजे घरखर्चाच्या दृष्टीने आयुष्यातली सर्वांत जड वर्षे. मुलगी दहावीला, मुलगा सातवीत, आई-वडील थकलेले, घराचे कर्ज अर्धे फिटलेले. फीत न लागल्यामुळे पगारातला फरक काही हजारांचा पडतो. सातव्या वेतन आयोगात शिपायाची सुरुवात २१,७०० रुपयांवर, नायकाची २५,५००वर आणि हवालदाराची २९,२००वर आहे. हा फरक सोसता येईल. पण फीत लागली नाही म्हणून सबंध पगारच सात वर्षे आधी थांबतो, त्याची भरपाई कशानेही होत नाही. २०१५मध्ये मंजूर झालेल्या 'एक पद, एक पेन्शन' योजनेचा पायाही समान पद आणि समान सेवाकाल हाच आहे. एकदा बढती हुकली की पद खालचे राहते आणि त्यामुळे सेवाकालही कमी भरतो. दोन्ही मापांनी पेन्शन खाली येते, आणि ती आयुष्यभर तशीच राहते.

यावर सरकारचे उत्तर ठरलेले आहे: बढती मिळाली नाही तरी 'एमएसीपी' आहे. जवानाला ८, १६ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर वरच्या पातळीचा पगार देणारी ही योजना सहाव्या वेतन आयोगानंतर आली. नागरी कर्मचाऱ्यांना हेच टप्पे १०, २० आणि ३० वर्षांचे आहेत, तेव्हा कागदावर जवानाला झुकते माप दिलेले दिसते. तिचा लाभ १ जानेवारी २००६पासूनच द्यावा लागेल, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये बलबीरसिंह टर्न यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्याआधी सरकार सप्टेंबर २००८ची तारीख धरून बसले होते. योजना चांगली आहे, यात शंका नाही. आठ वर्षांनी शिपायाला नायकाचा आणि सोळा वर्षांनी हवालदाराचा पगार मिळतो. पण तिसरा टप्पा पाहावा. तो येतो २४ वर्षांनी. शिपाई १९ वर्षांपलीकडे राहू शकत नाही. नायक राहिला तर कसाबसा त्या दाराशी पोहोचतो. बढती न मिळालेल्यांसाठी आखलेल्या योजनेचा शेवटचा लाभ ज्याला एकही बढती मिळाली नाही त्यालाच मिळू शकत नाही, ही विसंगती इतकी वर्षे कोणाच्याच लक्षात आली नसेल असे मानायला मी तयार नाही. शिवाय बढती देऊ केली असताना ती नाकारली तर हा लाभही रोखला जातो, त्यामुळे घरच्या अडचणीपायी 'मला बढती नको' असे लिहून देणारा दोन्हीकडून जातो.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत काय केले गेले, हे इथे पाहणे भाग आहे. अधिकाऱ्यांच्या पदरचनेसाठी नेमलेल्या अजय विक्रम सिंह समितीच्या शिफारशींचा पहिला भाग २००४च्या डिसेंबरात लागू झाला, तेव्हापासून अधिकारी दोन वर्षांनी कॅप्टन, सहा वर्षांनी मेजर आणि तेरा वर्षांनी लेफ्टनंट कर्नल होतो; ठरलेल्या अटी पूर्ण केल्या की पुरे, रिकाम्या जागेची वाट पाहावी लागत नाही. कर्नलपदासाठी निवड असते आणि तिथे अनेक जण मागे राहतात. पण मागे राहिलेल्या लेफ्टनंट कर्नलला ३८व्या वर्षी घरी पाठवले जात नाही. तो ५४ वर्षांचा होईपर्यंत नोकरीत राहू शकतो आणि २६ वर्षांच्या सेवेनंतर वेळेच्या हिशेबाने त्याला कर्नलचे पद मिळते. अधिकाऱ्यांना हे मिळाले याचे मला वाईट वाटत नाही; त्यांच्यातली कुचंबणाही खरी होती. मात्र एकाच गणवेशातल्या एका वर्गासाठी निवड हुकणे म्हणजे आहे त्या पदावर निवृत्तीच्या वयापर्यंत राहणे आणि दुसऱ्या वर्गासाठी निवड हुकणे म्हणजे नोकरीच संपणे, हा फरक कोणत्या तत्त्वावर केला आहे, ते कधीतरी मोकळेपणाने सांगितले गेले पाहिजे.

महाराष्ट्र पोलीस दलाने आपल्यापुरता एक मार्ग काढला आहे. २०२२च्या निर्णयाने पोलीस नाईक हा संवर्गच काढून टाकण्यात आला, शिपायाची पुढची पायरी थेट हवालदार झाली, आणि ३० वर्षे सेवा झालेल्या व सहायक उपनिरीक्षक म्हणून तीन वर्षे काढलेल्या कर्मचाऱ्यांना श्रेणी उपनिरीक्षक होण्याची वाट मोकळी झाली. शिपाई म्हणून लागलेल्या माणसाने निवृत्त होताना उपनिरीक्षक असावे, अशी त्यामागची भूमिका होती. सैन्यात हे जसेच्या तसे चालणार नाही. पोलीस शिपाई ५८व्या वर्षापर्यंत नोकरी करतो, ठाण्यात तपासाची, नोंदींची, न्यायालयीन कामे असतात आणि तिथे अनुभवी माणसाची गरज वाढतच जाते. दहा माणसांच्या सेक्शनमध्ये सहा हवालदार करून चालत नाही. सन्मान म्हणून पद वाटत सुटले की त्या पदाचा हुकूम कोणी ऐकेनासे होते.

माझ्या म्हणण्यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो वजनदार आहे. सैन्य तरुण ठेवावे लागते. पंधरा हजार फुटांवर पाठीवर बोजा घेऊन चढायला पंचेचाळिशीचा शिपाई नको, पंचविशीचा हवा. कारगिल पुनर्विलोकन समितीने तर सक्रिय सेवेचा काळ १७ वर्षांवरून सात ते दहा वर्षांवर आणावा, असे सुचवले होते. प्रत्येकाला २४ वर्षे ठेवले तर पलटणी म्हाताऱ्या होतील, हे मान्य. पण पलटणीत न ठेवणे आणि नोकरीतून काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिपाई म्हणून १५-१७ वर्षे काढलेल्या जवानाला केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत सामावून घ्यावे, असे सहाव्या वेतन आयोगाने सुचवले. सातव्यानेही तो विषय पुन्हा मांडला. प्रशिक्षित माणूस वाया जात नाही, निवृत्तिवेतनाचा बोजा पुढे ढकलला जातो, पोलीस दलांचा प्रशिक्षणाचा खर्च वाचतो. तरीही ती शिफारस कागदावर राहिली, कारण त्या दलांना आपल्याकडच्या कॉन्स्टेबलांच्या बढत्यांची चिंता होती. ती चिंता अगदीच खोटी नाही, कारण तिथलाही कॉन्स्टेबल हेड कॉन्स्टेबल होण्यासाठी वर्षानुवर्षे थांबलेला असतोच. पण सीमेवरच्या दोन दलांचे हिशेब दोन मंत्रालयांच्या वेगवेगळ्या फायलींत असल्यामुळे जवानाने बँकेच्या दारात बारा तास उभे राहावे, हे काही उत्तर होत नाही. केंद्र सरकारच्या गट-क पदांत १० टक्के आणि गट-ड पदांत २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव आहेत, पण त्या पूर्ण भरल्या जात नाहीत, हे सरकारी आकडेवारीतूनच वर्षानुवर्षे दिसते.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कोणी फारशी बोलत नाही. पंधरा वर्षे सेक्शनमध्ये राहिलेला शिपाई हा पलटणीचा साठवलेला अनुभव असतो. कोणत्या नाल्यात बर्फ कधी सुटते, गस्तीवर नवे पोरगे घाबरले तर त्याला कसे चालते ठेवायचे, एलएमजी (हलकी मशीनगन) थंडीत अडकली तर काय करायचे, हे त्याला तोंडपाठ असते. त्याच्यापेक्षा वयाने लहान असलेला हवालदार अडचणीच्या वेळी नजरेनेच त्याचे मत घेतो. अमेरिकी सैन्याने १९५५मध्ये अशा कुशल पण हुकूम न चालवणाऱ्या सैनिकांसाठी 'स्पेशालिस्ट' नावाची वेगळी शिडी उभी केली होती, जिच्यावर पगार वाढे पण कमांड येत नसे. ती पुढे गुंतागुंतीची ठरली आणि १९८५मध्ये तिची एकच पायरी उरली. त्या फसलेल्या भागातूनही शिकता येते: वेगवेगळी नावे आणि फिती तयार केल्या की पदांचा गोंधळ होतो, पगार आणि सेवाकाल मात्र पदाला हात न लावता वाढवता येतात.

म्हणून मागणी फितीची नसावी. शिपायाने बढतीच्या पात्रता पूर्ण केल्या असतील आणि केवळ जागा नसल्यामुळे तो मागे राहिला असेल, तर त्याला नायकाच्या सेवाकालापर्यंत राहू द्यावे. ही वाढीव वर्षे रायफल कंपनीत न काढता प्रशिक्षण केंद्रे, डेपो, एनसीसी, मुख्यालये इथे काढता येतील, म्हणजे पलटणीचे वय वाढणार नाही. पात्र असूनही जागेअभावी थांबला की पात्रतेत कमी पडला, हे प्रत्येक जवानाला दर वर्षी लेखी कळवावे. आज हे कारण अनेकदा निवृत्तीनंतर, सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे अर्ज केल्यावर, सरकारच्या प्रतिज्ञापत्रात पहिल्यांदा वाचायला मिळते. एमएसीपीचा तिसरा टप्पा शिपायाच्या मुदतीच्या आत आणावा. आणि पदरचनेचा आढावा दर दहा वर्षांनी सक्तीचा करावा, म्हणजे १९८४ ते २०१७सारखी पोकळी पुन्हा पडणार नाही.

हे सगळे लवकर ठरवण्याचे कारण अग्निपथ आहे. जून २०२२मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर नियमित सेवेत घेतले जातात आणि त्यांनी पुढे किमान १५ वर्षे सेवा करायची असते. सेक्शनमधल्या फिती तेवढ्याच राहतील आणि त्यांच्यासाठी उरलेले उमेदवार कमी असतील, म्हणून बढत्या सुलभ होतील, असे या योजनेच्या बाजूने बोलणारे सांगतात. आकड्यांपुरते ते बरोबर आहे. पण आजच्या नियमांप्रमाणे अग्निवीर म्हणून काढलेली चार वर्षे पेन्शनच्या सेवेत धरली जात नाहीत. अशा जवानाला पुढे बढती मिळाली नाही, तर त्याच्या हिशेबात १५ वर्षे भरतात, प्रत्यक्षात त्याने गणवेशात १९ काढलेली असतात, आणि पेन्शन मात्र शिपायाच्या पदाच्या १५ वर्षांवर ठरते. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३मध्ये सुरू झाले. तिची चार वर्षे संपून निवडलेल्यांच्या नव्या करारावर सह्या होतील, त्या करारात ही चार वर्षे सेवाज्येष्ठतेसाठी आणि पेन्शनसाठी मोजली जातील की नाही, हे त्या सह्यांच्या आधी लिहिलेले असले पाहिजे.